उद्याची ड्यूटी किती वाजता?
लवचिक कामाच्या वेळेबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एक ताई ठाण्यातल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात काउंटर सांभाळतात. रविवारी रात्री पोळ्या लाटताना त्यांचा फोन ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो. साडेनऊ-दहाच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर आठवड्याचं रोस्टर येतं. सोमवारी सकाळी अकरा ते रात्री आठ, मंगळवारी दुपारी एक ते रात्री दहा, बुधवारी पुन्हा सकाळची ड्यूटी. ते वाचलं की ताई पिठाच्या हातानेच तीन फोन लावतात. एक मुलाच्या क्लासच्या मॅडमना, दुसरा सासूबाईंना व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टना आणि तिसरा बहिणीला, "मंगळवारी रात्री याला जेवायला घालशील का?" हे विचारायला.

कामात काय बदललं तर बरं वाटेल, असं मी त्यांना एकदा विचारलं. पगार किंवा सुट्टी असं काहीतरी उत्तर येईल, असा माझा अंदाज होता. त्या म्हणाल्या, "रोस्टर गुरुवारी आलं ना, तरी माझं अर्धं डोकं शांत होईल."

'लवचिक वेळ' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो घरी लॅपटॉप उघडून बसलेला आयटीतला तरुण. ताईंची साधी मागणी त्या चित्रात कुठेच बसत नाही. नोकरदारांना नक्की काय हवं आहे, याबद्दलचे आपले बरेच गैरसमज त्या अपुऱ्या चित्रातूनच आले आहेत.

गैरसमज १ : ही कोरोनानंतर आलेली फॅशन आहे.

वस्तुस्थिती : ही कल्पना पन्नासहून अधिक वर्षं जुनी आहे आणि तिचा जन्म विमानांच्या कारखान्यात झाला. १९६७ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळच्या ओटोब्रुन इथल्या ब्योल्को कंपनीत ती मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा राबवली गेली. सगळे कर्मचारी सकाळी एकाच वेळी येत, त्यामुळे कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज कोंडी होई आणि लोकांना उशीर होई. त्यावर अर्थतज्ज्ञ क्रिस्टेल केमरर यांनी मांडलेला तोडगा सोपा होता. दिवसाच्या मधल्या ठरावीक तासांत सर्वांनी हजर असायचं, पण येण्याची आणि जाण्याची वेळ ज्याने त्याने मागेपुढे करायची. तास तेवढेच, पगार तेवढाच. जर्मन भाषेत याला 'ग्लाइटझाइट' म्हणतात, म्हणजे सरकती वेळ.

कोंडीचं दुखणं आपल्याला नवं नाही. सकाळची आठची जलद लोकल डोंबिवलीहून पकडणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून मुंबईतल्या मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी साडेनऊची आणि साडेअकराची अशा दोन वेळा केल्या आणि शहरातल्या इतर कार्यालयांनाही वेळा बदलण्याचं आवाहन केलं. आयटीशी याचा काही संबंध नव्हता. माणसं डब्यात मावत नाहीत, हे कारण होतं.

गैरसमज २ : प्रत्येकाला मनाला येईल तेव्हा काम करायचं असतं.

वस्तुस्थिती : बहुतेकांना तसं नको असतं. अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर मास आणि अमांडा पॅले यांनी अमेरिकेत कॉल सेंटरच्या नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांपुढे दोन-दोन पर्याय ठेवले. एका पर्यायात पगार थोडा जास्त, दुसऱ्यात वेळेची सोय जास्त. लोकांना 'काय आवडेल' असं नुसतं विचारण्यापेक्षा ही पद्धत खरी, कारण आवडीची किंमत इथे पगारातून मोजावी लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून तीन गोष्टी पुढे आल्या.

तासांची वाटणी स्वतः ठरवण्याच्या मुभेसाठी बहुतेक उमेदवार पगार सोडायला तयार नव्हते. घरून काम करण्याच्या पर्यायासाठी ते सरासरी ८ टक्के पगार सोडायला तयार होते. आणि मालकाने ऐनवेळी ठरवलेलं वेळापत्रक टाळण्यासाठी? सरासरी तब्बल २० टक्के.

म्हणजे माणसाला सर्वांत जास्त जाच होतो तो आपली वेळ दुसऱ्याच्या हाती असण्याचा, तीही आयत्या वेळी कळण्याचा. ज्यांची मुलं लहान आहेत अशा बायकांमध्ये हा नकार आणखी तीव्र होता. ताईंच्या 'अर्ध्या डोक्याचा' हिशेब हाच आहे. आयत्या वेळी आलेल्या रोस्टरमुळे एकट्या ताईंची धावपळ होत नाही. क्लास, फिजिओथेरपिस्ट, बहिणीचं घर, सगळ्यांचीच घडी विस्कटते.

गैरसमज ३ : जिथे उभं राहूनच काम करावं लागतं, तिथे लवचिकता शक्यच नाही.

वस्तुस्थिती : दुकान घरून चालवता येत नाही आणि वॉर्डातल्या पेशंटला व्हिडिओ कॉलवरून सलाईन लावता येत नाही, हे खरं. पण घरून काम हा लवचिकतेचा एकच प्रकार झाला.

अमेरिकेतल्या 'गॅप' या कपड्यांच्या साखळीने २०१५-१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या २८ दुकानांत एक प्रयोग केला. तो संशोधकांनी आखलेला होता. निवडलेल्या दुकानांत शिफ्ट सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा शक्यतो रोज त्याच ठेवल्या. ठरावीक माणसांना ठरावीक शिफ्ट दिल्या. आपसांत शिफ्ट बदलायची असेल, तर साहेबाच्या केबिनबाहेर उभं न राहता फोनवरच्या ॲपमधून बदलता येऊ लागली. इतर दुकानांच्या तुलनेत या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली आणि माणशी तासामागे होणाऱ्या विक्रीत ५ टक्क्यांची भर पडली. कारण उघड आहे. रोज बदलणाऱ्या माणसांपेक्षा कायम त्याच वेळी येणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक कळतं, कपाटातला माल कळतो.

गैरसमज ४ : सूट दिली की शिस्त जाते आणि काम घटतं.

वस्तुस्थिती : माझ्या पहिल्या नोकरीत दारातच पंचिंग मशीन होतं. महिन्यात तीन लेट मार्क लागले की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. त्यामुळे दोन लेट मार्क झालेला माणूस पावसात गाडी दहा मिनिटं लेट होताच हिशेब करी आणि सरळ हाफ डे टाकून दुपारी येई. दहा मिनिटांची शिस्त राखण्यासाठी कंपनी चार तासांचं काम गमावत होती. अर्ध्या तासाची मुभा असती, तर तोच माणूस पावणेदहाला येऊन पावणेसातला गेला असता.

मोजून-मापून केलेले अभ्यासही आहेत. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीत दोन प्रयोग केले. कंपनीचं नाव सीट्रिप असताना झालेल्या पहिल्या प्रयोगात घरून काम करणाऱ्या कॉल सेंटर कर्मचाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण प्रयोग संपल्यावर निवडीची संधी दिली, तेव्हा घरून काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यामागचं मोठं कारण होतं. म्हणून 'सगळ्यांना घरीच बसायचं असतं' हेही तितकंच चुकीचं आहे.

दुसऱ्या प्रयोगात १,६१२ कर्मचारी होते आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम होतं. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कामाच्या मूल्यमापनावर किंवा बढतीवर परिणाम दिसला नाही, मात्र राजीनामे एक तृतीयांशाने घटले. हा फायदा बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये विशेष दिसला. बदलापूर किंवा विरारहून येणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

गैरसमज ५ : ही बायकांसाठीची सोय आहे.

वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. त्यामुळे वेळेच्या मुभेची गरज बायकांना जास्त भासते, हे खरंच. पण ती फक्त त्यांच्यासाठी ठेवली, तर मुभा घेणारी बाई 'कमी झोकून देणारी' ठरते आणि बढतीत मागे पडते. शिवाय वडिलांना डायलिसिसला नेणाऱ्या मुलाला सकाळचे दोन तास कुणी द्यायचे?

२०२३ च्या नोबेल मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी लॉरेन्स कॅट्झ यांच्यासह अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांच्या पेशाचा अभ्यास केला. स्वतंत्र दुकानांची जागा मोठ्या साखळ्यांनी घेतली आणि गिऱ्हाइकाची माहिती संगणकावर आली, तसा एकाच्या जागी दुसरा फार्मासिस्ट सहज काम करू लागला. कमी तास काम करणाऱ्याला तासाच्या दरात फटका बसेनासा झाला आणि त्या पेशात स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी बरीच अरुंद झाली. कुणावर मेहेरबानी करावी लागली नाही, कामाची रचना बदलली. ब्रिटनमधला कायदाही याच वाटेने गेला. लवचिक वेळ मागण्याचा हक्क तिथे २००३ मध्ये लहान किंवा अपंग मुलांच्या पालकांना मिळाला, २०१४ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांना आणि एप्रिल २०२४ पासून तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू आहे. मालक कारण देऊन नकार देऊ शकतो, पण अर्जाचा विचार करणं त्याला टाळता येत नाही.

गैरसमज ६ : नव्या कामगार संहितांमुळे चार दिवसांचा आठवडा सक्तीचा झाला.

वस्तुस्थिती : तसं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितांनुसार आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे. चार दिवस काम करायचं, तर रोजचे बारा तास भरतात. यात तास कमी होत नाहीत, दाटीवाटीने बसवले जातात. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ६१ संस्थांनी केलेला चार दिवसांचा प्रयोग वेगळा होता. तिथे पगार तोच ठेवून तास कमी केले होते आणि ५६ संस्थांनी प्रयोग पुढे चालू ठेवला. नाव एकच असलं, तरी कामगाराच्या पाठीला आणि पायांना दोन्हींतला फरक चांगला कळतो.

गैरसमज ७ : वेळ लवचिक, म्हणजे माणूस कधीही हाक मारली तरी हजर.

वस्तुस्थिती : ही मुभा मालकाची झाली, कामगाराची नव्हे. रात्री अकराला येणारा 'अर्जंट' मेसेज लवचिकतेच्या नावावर खपवता येत नाही. म्हणून फ्रान्सने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेतल्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं बंधनकारक केलं. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाबाहेरच्या वेळेत असा संपर्क टाळण्याच्या हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं.

या सगळ्यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बहुतेक माणसांना काम टाळायचं नसतं. उद्या आपण कुठे असू, हे आज माहीत असावं आणि अडचण आलीच, तर थोडं इकडे-तिकडे सरकता यावं, एवढंच त्यांचं मागणं असतं. ते किती माफक आहे, हे रोस्टर बनवणाऱ्याला अनेकदा ठाऊकही नसतं, कारण कुणी विचारलेलंच नसतं.

तुमच्या हातात दहा-बारा जणांच्या ड्यूट्या लावण्याचं काम असेल, तर पुढच्या आठवड्याचं रोस्टर या गुरुवारी पाठवून पाहा. रविवारी रात्री कुठल्या तरी स्वयंपाकघरात फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवावा लागणार नाही.