आरिओनाचा वेष

नट काम आटोपून गेला, कीं त्याचा वेष पेटींत जातो आणि प्रयोगाची आठवण तेवढी मागें राहते. भरतमुनींनीं वेषभूषेस ‘आहार्य अभिनय’ म्हणून मान दिला. परंतु चार अभिनयांत आधीं नाहींसा होणारा तोच. इटलींतील फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत मात्र असा एक वेष कागदावर टिकून राहिला आहे.

इ. स. १५८९ मध्यें तेथील अधिपति फेर्दिनांदो मेदिची याचा विवाह झाला. त्या सोहळ्यांत नाटकाच्या अंकांच्या मागेंपुढें गायनाचे सहा प्रवेश घातले होते. त्यांतील वेषांचीं चित्रें बेर्नार्दो बुओन्तालेन्ती यानें शाईनें रेखून जलरंगांनीं भरलीं. पांचव्या प्रवेशाचा नायक आरिओन, हा ग्रीक कथांतील गायक. द्रव्यलोभी खलाशांनीं त्यास समुद्रांत उडी घेण्यास भाग पाडलें. तेव्हां एका डॉल्फिननें त्यास पाठीवर घेऊन तीरास पोंचविलें. ही भूमिका याकोपो पेरी या तरुण गायकानें केली.

याच पेरीनें पुढें १६०० सालीं ‘एउरिदीचे’ हें संगीतनाटक रचलें. संगीतासह संपूर्ण उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें ऑपेरा तें हेंच. त्याच्या कर्त्याची तरुणपणची भूमिका त्या चित्रामुळें आज आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते.

तें चित्र कामापुरतें काढलेलें होतें. जपणाऱ्यांनीं त्यास इतिहासाचें मोल आणलें. घरांतील जुन्या वह्या रद्दींत घालण्यापूर्वीं सुज्ञ वाचकांनीं त्या एकदां उघडून पाहाव्या.