घरातील चूक आणि तिचा निचरा

शेताचा धुरा फुटला म्हणजे शहाणा कास्तकार प्रथम फावडे हाती घेतो. तो कोणाच्या पायाने ढासळला याची चौकशी पाणी अडविल्यावर करतो. हाच विवेक घरात मात्र सुटतो. कोणाच्या हातून नुकसान झाले की आधी दोषारोप, मग अबोला आणि शेवटी वाटणीची भाषा, हा क्रम आम्ही वऱ्हाडात कित्येक घरी पाहतो.

याविषयीचा धडा घेण्यास दूर जावयास नको. वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाशी २० डिसेंबर १९५६ रोजी ज्यांनी देह ठेवला, त्या गाडगे महाराजांचे पूर्वचरित्र पाहावे. वडील झिंगराजी यांचा संसार दारूपायी बुडाला. देबूजी आईसह दापुऱ्यास मामांकडे वाढले व शेतीत राबले. परंतु मामा सावकारी कर्जात गुंतले आणि जमीन हातची गेली. एवढे सोसूनही देबूजींनी वडीलधाऱ्यांस बोल लावण्यात आयुष्य दवडले नाही. त्यांनी रीतच बदलली. आपल्या मुलीच्या बारशास जातरिवाजाची मद्यमांसाची पंगत न घालता त्यांनी गोडाचे जेवण दिले. आप्त रुष्ट झाले, तरी ते डगमगले नाहीत. पुढे कीर्तनातही ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि चूक त्यांच्याच तोंडून वदवून घेत. चुकलेल्या माणसास ती स्वतः उच्चारता आली, म्हणजे अर्धे काम झाले.

शेतीत याचे महत्त्व विशेष आहे. तणनाशकाचा पंप न धुता मुलाने तोच कपाशीवर चालविला, असे समजा. टू-फोर-डीसारख्या औषधाचा अल्प अंशही कपाशीची पाने आकसवितो. शिव्यांच्या भयाने मुलगा गप्प राहिला, तर तोच पंप दुसऱ्या दिवशी उरलेल्या वावरात जाईल. त्याच सायंकाळी त्याने सांगितले, तर निदान तेवढे वावर वाचेल. कर्जाचेही तसेच आहे. लपविलेल्या कर्जाचे व्याज थांबत नाही.

म्हणून आमची सूचना अशी : पंधरवड्यातून एकदा घरातील सर्व कर्त्या स्त्रीपुरुषांनी एकत्र बसावे. जमाखर्चाची वही व कर्जाचे कागद मोठ्याने वाचावे. प्रथम वडिलांनी आपली चूक सांगावी, म्हणजे धाकट्यांची भीड मोडेल. नुकसान किती, ते कसे भरावे आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, एवढेच बोलावे. मागील वर्षाची उणीदुणी काढू नयेत. वाटणी अटळच झाली, तर ती सर्व सहधारकांच्या संमतीने, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांपुढे करून घ्यावी. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही हक्क मुलांइतकाच आहे, हे विसरू नये. कोर्टातील दाव्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो, आणि वाटणीनंतरही भावांना एकमेकांच्या धुऱ्यावर बसून भाकर खाता येते.