उरल्यात हॉट टब सांभाळताना

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांना गच्चीवरची काळी भुकटी नवी नाही. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, दुसरं काय होणार! म्हणून टबचं झाकण आधी ओल्या फडक्याने पुसा, मगच उघडा. कोरडं झाडलंत तर अर्धी धूळ पाण्यात.

पण धुळीपेक्षा मला काळजी जंतुनाशकाची वाटते. गरम, उसळत्या पाण्यात क्लोरीन भराभर संपतं आणि लेजिओनेला जिवाणूला तेच तर हवं असतं. तो तुषारांतून थेट फुफ्फुसात जातो. मुक्त क्लोरीन किमान 3 पीपीएम (ब्रोमीन असेल तर 4), पीएच 7 ते 7.8, तापमान फार तर 40 अंश. टबात उतरण्याआधी टेस्ट स्ट्रिप बुडवाच. ‘क्लोरीनचा वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ’ हा गैरसमज आहे. उग्र वास बहुधा क्लोरामाइनचा असतो, म्हणजे क्लोरीन घाम-तेलाशी झुंजून थकलंय.

बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर क्षार बसतात. त्यात ब्लीचिंग पावडर टाकू नका, तिने कॅल्शियम आणखी वाढतं.

फिल्टर आठवड्याला पाइपच्या धारेने घडीघडीतून धुवा. भांड्यांचा साबण अजिबात नको, नुसता फेस होईल. पाणी साधारण तीन-चार महिन्यांनी बदला. उपसण्याआधी पाइप साफ करणारा द्रव टाकून जेट थोडा वेळ चालवा. आत चिकटलेला बुळबुळीत थर बाहेर येईल, बघवणार नाही!