माशाला दिसणारी माशी

पावसाळा सरत आला की बीडजवळच्या पालीच्या बिंदुसरा तलावाजवळ चहाला थांबायचं आणि टपरीच्या ट्यूबलाइटखालची भिंत न्याहाळायची, हा माझा नेम. भिंतीवर तुडतुडे, वाळवीची पाखरं, शेणकिडे यांची गर्दी. त्यात एखादी माशी निराळी दिसते. नखाएवढी, फिकट, पंख पाठीवर शिडासारखे उभे, मागे केसांसारखे दोन-तीन लांब धागे. ही मेफ्लाय. गेल्या वर्षी अशीच एक निश्चल बसली होती. बघता बघता तिची पाठ उकलली आणि तिच्यातून तिच्याच आकाराची, पण जास्त तुकतुकीत माशी बाहेर सरकली. पंखांवरूनसुद्धा कात उतरली. ती उडून गेली आणि भिंतीवर राहिला सहा पायांचा पांढरा पापुद्रा.

माझा चहा गार झाला, पण जे पाहिलं ते दुर्मीळ होतं. कात साप टाकतो, झुरळ टाकतं, टोळ टाकतो. मात्र पंख फुटून, त्या पंखांनी उडून झाल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटकांचा आज एवढा एकच गट आहे.

तिचं खरं आयुष्य पाण्याखाली जातं. दगडांवरचं शेवाळ, कुजलेला पाला खात डिंभ काही महिने, काही जातींत दोन वर्षंही वाढतो. मग एका संध्याकाळी वर येतो, पाण्याच्या सायीला आतून धडक देतो, तिथंच फाटतो आणि पंख घेऊन निघतो. आता खाणं संपलं. प्रौढ मेफ्लायचं तोंड निकामी असतं, आतड्यात अन्नाऐवजी हवा भरलेली असते. जोडी जमवायची, अंडी घालायची, बस. बहुतेकींना त्यासाठी काही तास किंवा एक-दोन दिवस मिळतात. अमेरिकेतल्या डोलानिया जातीच्या मादीला तर पाच मिनिटंही मिळत नाहीत. म्हणूनच सगळ्या एकदम निघतात. पाकोळ्या, वटवाघळं, मासे यांनी कितीही खाल्ल्या तरी काही उरतातच.

या एकदम निघण्यावर मासेमारीची एक अख्खी कला उभी आहे, फ्लाय फिशिंग. ती मुख्यतः ट्राउट माशासाठी. बीडच्या पाण्यात ट्राउट सापडायचा नाही. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो, आणि आपला मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. भारतात त्याची अंडी इंग्रजांनी बोटीनं आणली आणि १९००च्या सुमारास तो काश्मीरच्या थंड ओढ्यांत रुजला.

आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये गळावर पिसं आणि रेशीम गुंडाळून माशी बांधतात. पण कुठली माशी? मेफ्लाय निघू लागल्या की ट्राउट हट्टी होतो. त्या घटकेला जी जात, ज्या अवस्थेत वाहत येते तेवढीच टिपतो, बाकी सोडून देतो. वर चढणारा डिंभ, सायीत अर्धवट अडकलेली माशी, पंख उभारून तरंगणारी, आणि अंडी घालून पंख पसरून मेलेली, या चौघींची सोंगं वेगवेगळी बांधावी लागतात. अर्नेस्ट श्विबर्ट या तरुण अमेरिकनानं १९५५ मध्ये या जुळवाजुळवीवर ‘मॅचिंग द हॅच’ हे पुस्तक लिहिलं. कल्पना मात्र फार जुनी. मॅसिडोनियातले लोक गळावर लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात, हे रोमन लेखक एलियननं अठराशे वर्षांपूर्वीच नोंदवलं आहे.

मला सर्वांत भुलवते ती माशाची नजर. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, पेला डोळ्यांच्या वर धरा आणि बाजूनं तिरकं वर बघा. पाण्याचा पृष्ठभाग चक्क आरसा झालेला दिसेल. माशाच्या डोक्यावरही असाच आरसा असतो. मधोमध तेवढी एक गोल खिडकी, सुमारे ९७ अंशांची, तिच्यात सगळं आकाश मावलेलं. लांबून वाहत येणारी माशी आधी दिसतच नाही. दिसतात ते तिच्या पायांनी सायीत पाडलेले खळगे, आरशात चमकणारे ठिपके. ती जवळ आली की खिडकीच्या कडेला आधी पंखांची टोकं उगवतात, मग अंग. मासा त्या ठिपक्यांवरूनच तयारीत असतो. म्हणून चांगला कारागीर पंखांच्या रंगाइतकाच याचाही विचार करतो, की ही माशी पाण्यावर ‘उभी’ कशी राहील.

बिंदुसरेत ट्राउट नसला तरी तिन्हीसांजेला पाण्यावर वर्तुळं उमटतात. लहान मासळी काहीतरी टिपत असते. काठावर उकिडवं बसून पाहिलं तर कधी त्या वर्तुळाच्या मधोमध नुकतं ते उभं शीड होतं, हे कळतं.

तलावाजवळूनच धुळे-सोलापूर महामार्ग जातो. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट दिशेनं कंप पावतो, आणि मेफ्लाय त्याच खुणेवरून पाणी ओळखते. काळं डांबरही प्रकाश तसाच परतवतं. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की कोरड्या डांबरी रस्त्यावरही मेफ्लाय अंडी घालतात, कारण त्यांच्या डोळ्यांना तो पाण्याहून अधिक पाणी वाटतो. हे वाचल्यापासून टपरीवरून उठताना मी गाडीच्या काळ्या बॉनेटवर टॉर्च मारून बघतो, तिथंही कुणी अंडी घातली नाहीत ना.