मस्कतहून परतणाऱ्या कुटुंबाने घर कुठे बघावं?

 आपल्या भागातून गावोगावची माणसं आखातात गेलेली आहेत. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा ही नावं आपल्या घरात चिपळूण-महाडसारखीच घेतली जातात. जाण्याची तयारी कशी करायची हे आपल्याला आता चांगलं कळतं. पण कुटुंब कायमचं परत यायला निघतं तेव्हा मात्र गडबड होते. गावाकडे नोकरी नाही, मुंबईत घर परवडत नाही. मग लोकलच्या शेवटच्या टोकाचं एखादं शहर निवडायचं ठरतं. ते निवडायचं कसं, यावर आज बोलू.

हा विषय आमच्याकडे आला तो आमच्याच गटातल्या एका काकींमुळे. त्यांचा मुलगा अकरा वर्षं मस्कतला एसी दुरुस्तीचं काम करत होता. तिथली नोकरी संपली आणि कुर्ल्याच्या एका कंपनीत काम मिळालं. बायको, सातवीत जाणारी मुलगी आणि पहिलीतला मुलगा, सगळेच परत येणार. नोकरी संपताना जी एकरकमी रक्कम मिळाली, ती घरात घालायची असं ठरलं होतं. बदलापूरचा एक एजंट रोज फोन करत होता, "भाव वाढणार आहे, टोकन पाठवा." मुलगा पाठवायच्या बेतात होता. काकींनी बैठकीत विचारलं, "मी त्याला थांब म्हणू का?"

आम्ही म्हटलं, थांबवा. पैसा एकदाच हातात येतो. मग आम्ही तिघी जणी काकींबरोबर निघालो. खेडहून गाडीने पनवेल, तिथून ठाण्यामार्गे बदलापूर. काकींची भाची विरारला राहते, तिच्याशी फोनवर सविस्तर बोललो. दोन दिवसांत जे पाहिलं आणि नंतर चौकशी करून जे कळलं, ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा

मुंबईच्या सीएसएमटी स्थानकापासून पनवेल ४९ किलोमीटर, बदलापूर ६८, कर्जत १००. चर्चगेटपासून विरार ६०. पण कामाचं ठिकाण कुठल्या मार्गावर आहे, ते आधी बघायचं. कुर्ला मध्य रेल्वेवरही आहे आणि हार्बरवरही. म्हणून पनवेलहून किंवा बदलापूरहून गाडी न बदलता जाता येतं. विरारहून मात्र दादरला उतरून, पूल चढून दुसरी गाडी धरायची. नोकरी अंधेरीला असती तर हाच हिशेब उलटला असता आणि विरारची बाजू सोयीची ठरली असती.

वेळ मोजायची ती घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत. रिक्षाची रांग, गाडीची वाट, गाडीतला वेळ, उतरून चालणं, हे सगळं धरायचं. आम्ही बदलापूरचा हिशेब मांडला तेव्हा एका वेळेला पावणेदोन तास झाले. जाऊन येऊन साडेतीन तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसत्त्याऐंशी तास. म्हणजे दर महिन्याला साडेतीन दिवसांहून जास्त वेळ नुसता प्रवासात. काकींचा मुलगा फोनवर हे ऐकून थोडा वेळ गप्पच बसला.

दुसरी गोष्ट, गाडी कुठून सुटते ते बघा

आम्ही मंगळवारी सकाळी साडेसातला बदलापूरच्या फलाटावर उभ्या राहिलो. काही गाड्या बदलापूरहूनच सुटतात, त्यांत चढायला मिळतं. पण कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी भरूनच येते. महिलांच्या डब्याच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. पनवेलला हार्बरची गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे थोडं आधी गेलं तर बसायला मिळतं. मात्र हार्बरवर फास्ट गाड्या नाहीत, प्रत्येक स्टेशन घेत जावं लागतं. विरारहूनही पुष्कळ गाड्या सुटतात, पण तिथली गर्दी भाचीने सांगितली ती ऐकूनच घाम फुटला.

त्याच्याही पुढे गेलं तर घर स्वस्त मिळतं, पण गाड्या कमी होतात. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली आणि पालघर, बोईसरला राहून मुंबईत नोकरी करणं अनेकांना शक्य झालं. तरी विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. तीच गोष्ट बदलापूरच्या पुढे वांगणी, नेरळ, कर्जतची. एक गाडी चुकली की पुढचीची बराच वेळ वाट बघायची. रविवारी मेगाब्लॉक असला तर आणखी पंचाईत.

म्हणून जागा बघायला रविवारी जाऊ नका. एजंट रविवारीच बोलावतो, कारण त्या दिवशी गाडी मोकळी असते आणि रस्ताही. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला जा.

तिसरी गोष्ट, घरी राहणाऱ्या बाईचा दिवस मांडा

इथवर सगळं बोलणं मुलाच्या नोकरीचंच चाललं होतं. मग आमच्यातल्या एकीने काकींना विचारलं, "सूनबाईंना कुणी विचारलं का?" कुणीच विचारलं नव्हतं.

ही सून लग्नानंतर दोन वर्षं गावातच होती. आमच्या गटाचं हिशेबाचं वहीकाम तिनेच केलं. मस्कतला ती नवऱ्याच्या व्हिसावर होती, म्हणून कमाईचं काम करता आलं नाही. आम्ही फोन केला तेव्हा ती म्हणाली, "ताई, मला घर किती मोठं आहे ते नको सांगू. शाळा चालत आहे का? पाणी किती वाजता येतं? आणि मला काही काम करता येईल का?"

आम्ही तिचा दिवस कागदावर मांडला. नवरा सकाळी सातला बाहेर पडणार, रात्री साडेआठला येणार. म्हणजे मुलांची शाळा, सासूची साखरेची गोळी, बाजार, गॅस, आजारपण हे सगळं तेरा-साडेतेरा तास तिच्या एकटीवर. शाळा लांब असेल तर तिचे दोन-तीन तास नेण्या-आणण्यातच जाणार. मग कामाचं नावच नको. नवरा गाडीत अडकलेला असताना पोर तापाने फणफणलं तर जवळ दवाखाना कुठला, हेही तिलाच बघायचं. पनवेलला सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, हे काकींना बरं वाटलं.

शाळेबद्दल एक महत्त्वाचं. आखातातल्या बऱ्याच भारतीय शाळा सीबीएसईच्या असतात, त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात. त्यामुळे परतायची तारीख आणि शाळेचा प्रवेश यांचा मेळ आधी घाला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षण खात्याचा आणि भारतीय वकिलातीचा शिक्का लागतो का, ते इथल्या शाळेला विचारूनच तिथून निघा. नंतर इथे बसून तो शिक्का मिळवणं फार त्रासाचं होतं. शिवाय २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं आहे. काकींच्या नातीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. अशा मुलीला तुम्ही कशी मदत करणार, हे शाळेत स्पष्ट विचारा. दोन शाळांत आम्हाला "बघू" एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्या शाळेतल्या बाईंनी मुलीला पहिल्या वर्षी वेगळा वेळ देऊ असं सांगितलं.

चौथी गोष्ट, पाणी आणि पाऊस

पाण्याची चौकशी इमारतीच्या ऑफिसात करू नका. जिन्यात भेटणाऱ्या बाईला विचारा. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो का? पैसे कोण भरतं? पाणी किती वेळ येतं? चार बायकांना विचारलं की खरं काय ते कळतं.

पावसाचंही तसंच. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. पनवेललाही गाढी नदी आहे आणि तिच्या काठचा सखल भाग आहे. म्हणून कुठलंही शहर सरसकट चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही. गल्लीगल्लीत फरक असतो. "२०१९ ला इथे पाणी किती चढलं होतं?" असं बोट दाखवून विचारा. जुना दुकानदार भिंतीवरची खूण दाखवतो.

पाचवी गोष्ट, आज धावते तीच गाडी धरा

जाहिरातीत मेट्रो येणार, नवी लाईन येणार, असं लिहिलेलं असतं. येतंही, पण कधी? नेरूळ-बेलापूरहून उरणकडे जाणारी लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत सुरू झाली. पुढे उरणला पोचायला जानेवारी २०२४ उजाडला. मधली पाच वर्षं ज्यांनी गाडीच्या भरवशावर घर घेतलं, त्यांनी बस आणि रिक्षावर काढली. मुलगी सातवीत असताना घेतलेल्या घरापाशी ती बारावीत गेल्यावर गाडी आली, तर तिला काय उपयोग?

सहावी गोष्ट, कागद

नवीन इमारतीचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा. पण तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या कागदांवर महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. आत राहणाऱ्या कुटुंबांचा काय दोष होता? म्हणून बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र खरं आहे का, हे नगरपरिषदेत किंवा महापालिकेत जाऊन विचारायचं.

करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेराचा कायदा आहे. जागेचं माप चटई क्षेत्राचं म्हणजे कार्पेट एरियाचंच धरायचं. आणि मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा: महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याबरोबर जोडून नाव असेल तर ती मिळत नाही. हे काकींनी मुलाला सांगितलं तेव्हा तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

मग काय ठरलं?

टोकन पाठवलं नाही. पनवेलला स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी अकरा महिन्यांसाठी भाड्याने जागा घेतली. त्याच भाड्यात बदलापूरला एक खोली जास्त मिळत होती, त्यामुळे मुलगा थोडा नाराज होता. पण नातीची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. आणि कोकणात येणारी गाडी पनवेलला थांबते, त्यामुळे काकी आंब्याच्या दिवसांत सहज गावी येऊन जातात. बदलापूरहून आधी दिव्याला किंवा पनवेलला यावं लागलं असतं. भाडेकरार नोंदवून घेतला. अकरा महिन्यांचा असला तरी आपल्या राज्यात भाडेकरार नोंदवावाच लागतो.

एक पावसाळा आणि एक उन्हाळा तिथे काढायचा, मग घर विकत घ्यायचं की नाही ते ठरवायचं. तोवर पैसे बँकेत आहेत. अकरा महिन्यांचं भाडं वाया गेलं असं मुलाच्या मित्रांना वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. चुकलेलं भाड्याचं घर बदलता येतं, चुकलेलं विकतचं घर वर्षानुवर्षं हप्ते मागतं.

सूनबाईंनी दुपारी इमारतीतल्या मुलांची शिकवणी सुरू केली आहे, सध्या पाच मुलं येतात. परवा तिचा फोन आला होता. पाणी सकाळी येतं, पण मे महिन्यात दोनदा टँकर मागवावा लागला, असं म्हणाली. म्हणजे सगळं छान आहे असं नाही. पण हे तिला घर घेण्याआधी कळलं.

तुमच्या गटात कुणाचा मुलगा, दीर, भाऊ परत येत असेल तर पुढच्या बैठकीत एक कागद घ्या. घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा, म्हातारीचं आणि लहान पोराचंही. प्रत्येकापुढे त्याचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहा. मग प्रत्येक शहरासाठी तोच दिवस पुन्हा मांडून बघा. आणि तो कागद भरताना सुनेला शेजारी बसवा. ती परदेशात असेल तर फोन लावा.

तुमचा अनुभव आम्हाला कळवा, पुढच्या भागात तो वाचून दाखवू.