कोंड्याचा मांडा, मिसिसिपीच्या काठी

माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात फिल्टर कॉफी पिऊन वाढलेला माणूस अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला गेला, तर पहिल्या घोटालाच थबकतो. समोर मिसिसिपी नदी, मागे सेंट लुईस कॅथीड्रलचे तीन मनोरे, आणि जिभेवर मात्र तोच ओळखीचा दाट, मातकट, किंचित कडू स्वाद! ही ओळख चिकोरीची. निळ्या फुलांच्या या झाडाचं मूळ वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यात कॅफीन नसतं. रंग आणि दाटपणा मात्र भरपूर असतो. आपल्याकडे ती गुजरातेत जामनगर, आणंद भागात पिकते आणि दक्षिणी कॉफीच्या डब्यात जाऊन बसते.

न्यू ऑर्लिन्समध्ये ती आली फ्रेंचांबरोबर. नेपोलियनने इंग्रजांशी व्यापार बंद केल्यावर युरोपात कॉफीचा तुटवडा झाला आणि फ्रान्समध्ये चिकोरीची सवय पक्की झाली. फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलेल्या या शहरालाही ती रीत ठाऊक होती. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि कॉफी महाग झाली. मग चिकोरीचं प्रमाण वाढलं. युद्ध संपलं, कॉफीची पोती पुन्हा धक्क्यावर उतरू लागली, तरी लोकांनी चिकोरी सोडली नाही.

कोंड्याचा मांडा करायची ही खोड या शहराच्या जवळजवळ प्रत्येक गोड पदार्थात सापडते. बदाम नाहीत तर पेकन घे, लोण्याचं क्रीम उन्हात टिकत नाही तर कस्टर्ड भर, पाव शिळा झाला तर त्याचं पुडिंग कर. कॉफी आणि गोडाच्या शोधात इथे हिंडणाऱ्याला ही एक खूण पुरते.

सुरुवात बहुतेक सगळे करतात तिथूनच करावी. जॅक्सन चौकासमोर, डिकेटर रस्त्यावर, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या छताखाली 'कॅफे द्यु मोंद' १८६२ पासून उभा आहे. इथे मुख्यतः दोनच गोष्टी मागवायच्या: निम्मं गरम दूध घातलेली चिकोरीची कॉफी, म्हणजे कॅफे ओ ले, आणि बेन्ये. यीस्टने फुगवलेल्या कणकेचे चौकोन तेलात सोडतात, ते पुरीसारखे टम्म होतात आणि आत पोकळ राहतात. एका बशीत तीन येतात, पिठीसाखरेच्या ढिगाखाली जवळजवळ गाडलेले. जाणकार दोन सूचना देतात: काळे कपडे घालू नयेत आणि घास तोंडाशी असताना हसू नये. लुइझियाना राज्याने १९८६ मध्ये बेन्येला राज्याचं अधिकृत डोनट ठरवलं. गर्दी टाळायची असेल तर भल्या सकाळी जावं.

साखर किती हवी हे ज्याला स्वतः ठरवायचं आहे, त्याने १८७० ची 'मॉर्निंग कॉल' शोधावी. फ्रेंच मार्केटमधली आपली मूळ जागा तिने केव्हाच सोडली. 'मॉर्निंग कॉल'मध्ये साखरेची डबी टेबलावर असते आणि गिऱ्हाईक आपल्या हाताने भुरभुरतं.

या बाजारातल्या कॉफीची एक जुनी मानकरीण मात्र कुठल्या पाटीवर सहसा दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोझ निको नावाची एक गुलाम स्त्री रविवारी चर्चमधून बाहेर पडणाऱ्यांना कॉफी विकायची. मालकाचा वाटा देऊन उरलेले पैसे तिने साठवले, स्वतःला गुलामीतून विकत घेतलं आणि पुढे फ्रेंच मार्केटमध्ये कायमचं दुकान मांडलं. रविवारच का, याचं उत्तर जुन्या कायद्यात आहे. फ्रेंच राजवटीच्या १७२४ च्या कायद्याने गुलामांना रविवारी कामाला जुंपायला मनाई केली होती. नंतरच्या स्पॅनिश राजवटीत पैसे भरून स्वतःची सुटका करून घेण्याची वाटही मोकळी झाली. त्या एका दिवसाच्या विक्रीवर अनेक बायकांनी स्वातंत्र्याची किंमत पै-पै करून जमवली.

त्यांच्या टोपल्यांत आणखी एक पदार्थ असायचा: काला. नाव ऐकून मराठी माणसाला गोपाळकाला आठवेल, पण हा पदार्थ अनारशाच्या जवळचा. शिजवलेला भात यीस्ट घालून रात्रभर आंबवायचा, सकाळी अंडी, पीठ, साखर, जायफळ मिसळून त्याचे गोळे तळायचे आणि वर पिठीसाखर. पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या मुलखातून आलेल्या लोकांच्या हाताची ही चव, असं अनेक अभ्यासक मानतात. विसाव्या शतकात रस्त्यावरच्या विक्रेत्या नाहीशा झाल्या आणि कालाही जवळपास विसरला गेला. खाद्यलेखिका पॉपी टूकर यांनी तो पुन्हा लोकांसमोर आणण्यासाठी खूप खटपट केली. आज न्याहरीच्या एखाद्या हॉटेलात यादीवर काला दिसला, तर बेन्ये बाजूला ठेवून तोच मागवावा.

प्रालीनसाठी फार शोधाशोध लागत नाही. शहराच्या जुन्या भागात, म्हणजे फ्रेंच क्वार्टरमध्ये, चालताना जळत्या साखरेचा वास येईल तिकडे वळायचं. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात साखरेत घोळवलेल्या बदामांना हे नाव मिळालं, प्लेसी-प्रालँ या सरदाराच्या नावावरून. लुइझियानात बदाम दुर्मिळ, पण अक्रोडाच्या कुळातलं पेकन रानोमाळ. साखरेचीही सोय झाली: एत्येन द बोरे या मळेवाल्याने १७९५ मध्ये शहराबाहेरच्या आपल्या मळ्यात उसाच्या रसापासून दाणेदार साखर काढून दाखवली. त्यात दूध-साय आणि लोणी पडलं आणि आजचं प्रालीन तयार झालं. दिसायला चिक्की, पण दाताखाली कलाकंदासारखं रवाळ विरघळणारं. पेकनच्या मागेही एक गुलाम माळी आहे. त्याचं नाव फक्त अँटवान असं नोंदलेलं आहे. ओक अ‍ॅली मळ्यावर १८४० च्या दशकात त्याने पेकनची कलमं यशस्वीपणे बांधली. पातळ सालीच्या, मोठ्या दाण्याच्या त्या जातीला पुढे १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या प्रदर्शनात नाव मिळालं: सेंटेनियल.

ज्यांना थोडा तमाशा हवा आहे, त्यांनी रॉयल रस्त्यावरच्या गुलाबी भिंतींच्या 'ब्रेनन्स'मध्ये जावं. मध्य अमेरिकेतली केळी पूर्वी याच बंदरात बोटी भरभरून उतरायची. १९५१ मध्ये मालक ओवेन ब्रेनन यांना या केळ्यांचं काहीतरी नवं हवं होतं. त्यांच्या घरच्यांनी आणि शेफ पॉल ब्लांजे यांनी मिळून लोणी, गूळसर साखर, दालचिनी आणि केळ्याची दारू असा मेळ जमवला. वरून रम ओतून टेबलाशीच पेटवतात आणि ती जळती केळी व्हॅनिला आइस्क्रीमवर घालतात. मालकांचे मित्र रिचर्ड फॉस्टर यांच्यावरून नाव पडलं 'बनानाज फॉस्टर'. कॉफीला आग लावण्याची रीत त्याहून जुनी आहे. १८४० मध्ये सुरू झालेल्या 'अँटवान्स'मध्ये लवंग, दालचिनी आणि संत्र्याच्या सालीबरोबर ब्रँडी पेटवून तीत कॉफी ओततात. ती कॅफे ब्रुलो.

शिळ्या पावाचं पुडिंग गल्लोगल्ली मिळतं. इथला फ्रेंच पाव वरून कुरकुरीत, आत कापसासारखा, आणि दुसऱ्या दिवशी दगड. तो दूध-अंड्यात भिजवून भाजायचा आणि वर व्हिस्कीचा सॉस घालायचा. गार्डन डिस्ट्रिक्टमधल्या 'कमांडर्स पॅलेस'मध्ये त्याचंच हलकं फुललेलं सूफ्ले होतं. बाहेरच्या पदार्थाला इथलं हवामान कसं वळण लावतं, ते पाहायला डोबाश केक घ्यावा. बुडापेस्टच्या योझेफ डोबोश यांचा थरांचा केक १८८५ चा, लोण्याच्या क्रीमचा. न्यू ऑर्लिन्सच्या उकाड्यात तो जड जायचा, म्हणून ब्यूला लेडनर या बाईंनी १९३० च्या दशकात थरांमध्ये कस्टर्ड भरलं आणि नावही फ्रेंच वाटेल असं ठेवलं. १९४६ मध्ये त्यांनी कृती विकली ती जो गाम्बिनो यांना. 'गाम्बिनोज' बेकरीत तो केक आजही मिळतो.

फ्रेंच क्वार्टरच्या बाहेर पडणाऱ्याने कॅरोल्टन अ‍ॅव्हेन्यूवरचं 'अँजेलो ब्रोकाटो' चुकवू नये. सिसिलीतून आलेल्या अँजेलो ब्रोकाटो यांनी १९०५ मध्ये हे दुकान फ्रेंच क्वार्टरमध्ये काढलं. लिंबाचा बर्फ, पिस्त्याचं जेलातो, आणि मागितल्यावर भरून मिळणारी कनोली. ऑगस्ट २००५ मध्ये कत्रिना वादळात बांध फुटले आणि दुकान पाण्याखाली गेलं. वर्षभराने, २००६ मध्ये, ते पुन्हा उघडलं.

आणि उन्हाळ्यात बर्फाचा गोळा. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याला स्नोबॉल म्हणतात, पण तो आपल्या काडीवरच्या गोळ्यासारखा करकरत नाही. भुरभुरत्या हिमासारखा असतो आणि पेल्यात मिळतो. फेरीवाले उघड्यावर हाताने बर्फ किसतात हे अर्नेस्ट हॅन्सन यांना पसंत नव्हतं. यंत्रांची जाण असलेल्या या माणसाने १९३४ मध्ये, मंदीच्या दिवसांत, बर्फ किसायचं यंत्र स्वतः बनवलं. पाकाची बाजू पत्नी मेरी यांनी सांभाळली. १९३९ मध्ये 'हॅन्सन्स स्नो-ब्लिझ' सुरू झालं. कत्रिनानंतरच्या काही महिन्यांत हे वृद्ध जोडपं पाठोपाठ गेलं. तेव्हापासून त्यांची नात दुकान चालवते. २०१४ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा मानही मिळाला. बर्फ अजून अर्नेस्ट यांच्याच यंत्रावर निघतो आणि पाक घरीच होतो. त्यामुळे काम सावकाश चालतं, आणि चपिटूलस रस्त्यावरची रांग भर दुपारी दाराबाहेर येते.