तार, टॉवर आणि जमीन : पारेषण वाहिनीचे संगणकीय गणित

३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेकडील वीजजाळे देशाच्या उरलेल्या जाळ्याशी एका वारंवारतेत जोडले गेले. अशी वाहिनी उभी राहण्याच्या कितीतरी आधी तिचे विद्युत वर्तन आकड्यांत मांडलेले असावे लागते. किती वीज वाहील, मोकळ्या टोकाला दाब किती चढेल, दोष आल्यास रिले कोणत्या आकड्यावर चालेल, हे सारे तारा ओढण्यापूर्वीच ठरते. मोजायला वाहिनी नसते. हाताशी असतो तो टॉवरचा आराखडा, तारेचा तक्ता आणि मार्गाचा नकाशा. त्यांवरून वाहिनीचे प्राचल काढण्याचे काम आज संगणक करतो.

चार राशी

वाहिनीचे वर्णन दर किलोमीटरच्या चार राशींनी होते : रोध, प्रवर्तकता, धारिता आणि गळती-वाहकता. रोधामुळे ऊर्जा उष्णतेत जाते. प्रवर्तकता तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून येते, तर धारिता तारा व जमीन यांच्यामधील विद्युत क्षेत्रातून. गळती इन्सुलेटरवरून होते. चांगल्या हवेत ती इतकी अल्प असते की बहुतेक गणितांत वगळतात. या राशी वाहिनीच्या एखाद्या टोकाला साठलेल्या नसून संपूर्ण लांबीभर पसरलेल्या असतात. ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८० च्या दशकात तारायंत्राच्या संदर्भात मांडलेली समीकरणे नेमकी हीच गोष्ट सांगतात आणि आजचे प्रत्येक सॉफ्टवेअर शेवटी तीच समीकरणे सोडवते.

भूमितीतून आकडा

सॉफ्टवेअरला द्यावी लागणारी माहिती विद्युतीय कमी आणि भौमितिक जास्त असते : प्रत्येक तारेचे टॉवरच्या मध्यरेषेपासूनचे अंतर, जमिनीपासूनची उंची, तारेचा व्यास, तिचा रोध, एका फेजमध्ये किती तारा आणि त्यांच्यातील अंतर. दोन टॉवरमध्ये तार झोल खाते. म्हणून टॉवरवरची उंची जशीच्या तशी घेत नाहीत. झोलाचा दोन-तृतीयांश भाग तीतून वजा करून सरासरी उंची धरतात.

प्रवर्तकता आणि धारिता या दोन्ही राशी फेजमधील अंतर व तारेची त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर अवलंबून असतात. लॉगरिदम सावकाश बदलतो. फेजमधील अंतर १० टक्क्यांनी चुकले तरी प्रवर्तकतेमुळे येणारा विरोध, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स, दोन टक्क्यांच्या आसपासच हलतो. नेहमीच्या संतुलित प्रवाहासाठी काढलेले प्राचल भरवशाचे असतात, त्यामागचे मोठे कारण हेच.

एक वाहिनी, आकड्यांसह

४०० किलोव्होल्टची एकेरी वाहिनी घेऊ. प्रत्येक फेजला ‘मूस’ नावाच्या दोन तारा, त्यांच्यात ४५ सेंटीमीटर अंतर आणि तिन्ही फेज एका आडव्या रांगेत ११ मीटर अंतरावर. मूस ही पोलादी गाभ्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचे पदर असलेली तार आहे. तिचा व्यास ३१.७७ मिलिमीटर आणि २० अंश सेल्सियसला रोध दर किलोमीटरला ०.०५५५ ओहम असतो.

तीन फेजमधील भौमितिक सरासरी अंतर १३.८६ मीटर येते. ५० हर्ट्झला रिअ‍ॅक्टन्स दर किलोमीटरला सुमारे ०.३२७ ओहम आणि धारिता १०.९ नॅनोफॅरड मिळते. या दोहोंवरून वाहिनीचा स्वाभाविक संरोध निघतो, सुमारे ३०९ ओहम. ४०० किलोव्होल्टच्या वर्गाला त्याने भागले की ५१८ मेगावॅट येतात. हा वाहिनीचा स्वाभाविक भार. एवढा भार असताना चुंबकीय क्षेत्राला लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर विद्युत क्षेत्रच पुरवते आणि दाब लांबीभर जवळपास सपाट राहतो.

हेच गणित प्रत्येक फेजला एकच मूस तार धरून केले, तर रिअ‍ॅक्टन्स ०.४३९ ओहमपर्यंत चढतो आणि स्वाभाविक भार ३८८ मेगावॅटवर उतरतो. एका तारेऐवजी दोन तारांचा जुडगा वापरण्याचा फायदा केवळ जास्त प्रवाह वाहण्यात नाही. विद्युतीय दृष्टीने जुडगा हा जाड तारेसारखा वागतो आणि वाहिनीचा स्वभावच बदलतो. असे पर्याय शेजारी-शेजारी मांडून तपासता येणे हा संगणकीय गणिताचा सर्वांत रोजच्या वापरातला उपयोग आहे.

संगणकापूर्वी

लांब वाहिनीच्या समीकरणांत अतिपरवलयी फलने येतात आणि तीही संमिश्र संख्यांची. जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंत्या एडिथ क्लार्क यांनी त्यांवर आलेखाचा उपाय शोधला. वाहिनीची उत्तरे थेट वाचता येतील अशा त्यांच्या गणकाला १९२५ मध्ये पेटंट मिळाले. पुढे हर्मान डॉमेल यांनी १९६० च्या दशकात म्युनिकमध्ये सुरू केलेले काम अमेरिकेतील पोर्टलंड येथील बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये वाढले आणि त्यातून ‘ईएमटीपी’ हा प्रोग्राम घडला. वाहिनीचे प्राचल काढणारा ‘लाइन कॉन्स्टंट्स’ हा त्याचाच एक भाग होता. आजची बहुतेक साधने त्याच वाटेने जातात. ‘पीएसकॅड’सारखी व्यावसायिक साधने आहेत, बेंगळुरूत विकसित झालेले ‘मायपॉवर’ आहे आणि ‘ओपनडीएसएस’सारखी मुक्त साधनेही आहेत.

मॅट्रिक्स आणि अर्थवायर

हाताच्या गणितात तिन्ही फेज सारखे मानतात. प्रत्यक्षात आडव्या रांगेतील मधला फेज दोन्ही शेजाऱ्यांना जवळ असतो, कडेचे फेज एकमेकांपासून दूर असतात. संगणक ही विषमता लपवत नाही. तो प्रत्येक तारेचा स्वतःशी आणि इतर प्रत्येक तारेशी असलेला संबंध मॅट्रिक्समध्ये मांडतो. दोन मूस तारांचे तीन फेज आणि वरच्या दोन अर्थवायर अशा वाहिनीचा मॅट्रिक्स आठ ओळी व आठ स्तंभांचा होतो. धारितेसाठी जमिनीला आरसा मानून प्रत्येक तारेची खाली तितक्याच खोलीवर प्रतिमा धरतात आणि मिळालेल्या विभव-गुणांकांचा मॅट्रिक्स उलटा करतात.

अर्थवायर जमिनीशी जोडलेली असल्यामुळे तिचा दाब शून्य धरून तिच्या ओळी गाळता येतात. गेब्रिएल क्रॉन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आहे. तार गाळली तरी तिचा परिणाम गळत नाही, तो उरलेल्या आकड्यांत मिसळतो. जुडग्यातील तारा एकत्र केल्यावर शेवटी तीन फेजचा तीन गुणिले तीन मॅट्रिक्स उरतो.

जमिनीतून परतणारा प्रवाह

इथपर्यंतचे सगळे तारा आणि टॉवर यांवर भागते. एक फेज जमिनीला टेकला की तिसरा घटक पुढे येतो. दोषाचा प्रवाह काही अंशी अर्थवायरमधून आणि उरलेला जमिनीतून उपकेंद्राकडे परततो. हा प्रवाह तारेखालच्या मातीत पट्टीसारखा वाहत नाही, तो खोल आणि रुंद पसरतो. जमीन जितकी कमी वाहक, तितका पसारा मोठा आणि त्याने वेढलेले चुंबकीय क्षेत्रही मोठे.

या पसरणाऱ्या प्रवाहाचे गणित जॉन कार्सन यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे उत्तर अनंत श्रेणीच्या रूपात आहे. हाताने काम करणारे अभियंते तिची सुरुवातीची पदे घेत आणि वीजपुरवठ्याच्या वारंवारतेला ती पुरतही. पहिल्या पदांतून निघणारी ‘समतुल्य खोली’ ही कल्पना फार उपयोगी आहे. जमिनीची रोधकता १०० ओहम-मीटर असल्यास ५० हर्ट्झला ही खोली सुमारे ९३० मीटर येते आणि १००० ओहम-मीटर असल्यास २९४५ मीटर. तिथे काही पुरलेले नसते. सगळा परतीचा प्रवाह त्या खोलीवर एकवटला आहे असे मानले की गणित जुळते. एक विशेष असा की जमिनीमुळे वाढणारा रोध मात्र माती कोणतीही असली तरी जवळपास तेवढाच राहतो, ५० हर्ट्झला दर किलोमीटरला साधारण ०.०५ ओहम. रोधकता वाढते तसा वाहता छेदही वाढतो आणि दोन्ही परिणाम एकमेकांना भरून काढतात.

वरच्या उदाहरणातील वाहिनीचा शून्यक्रम रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे तिन्ही फेजमधून एकाच दिशेने जाऊन जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध, अर्थवायर वगळून काढला तर १०० ओहम-मीटरला दर किलोमीटरला १.१२ ओहम येतो आणि १००० ओहम-मीटरला १.३४ ओहम. संतुलित प्रवाहाचा ०.३२७ ओहम हा आकडा दोन्ही ठिकाणी तोच राहतो. म्हणजे त्याच टॉवरवरच्या त्याच तारांच्या दोन राशींपैकी एक पक्की आणि दुसरी पायाखालच्या जमिनीवर अवलंबून. अर्थवायर धरल्यास हा फरक काहीसा कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

महाराष्ट्रात या अडचणीला धार येते. ओल्या काळ्या मातीची रोधकता कमी असते, कोरड्या बेसाल्टची आणि जांभ्याची पुष्कळ जास्त. शिवाय काळ्या मातीचा थर काही मीटरच जाड असतो आणि खाली खडकच असतो. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी वाहिनी काही तासांच्या चालीत हे सगळे प्रकार ओलांडते. कार्सन यांच्या गणितात मात्र जमीन सपाट, एकसारखी आणि अमर्याद आहे. सॉफ्टवेअरमध्ये रोधकतेसाठी असलेल्या चौकटीत बहुधा १०० हा आकडा आधीच भरलेला असतो आणि अनेकदा तो तसाच सोडला जातो. वाहिनीच्या संपूर्ण गणितात सर्वांत कमी तपासला जाणारा आकडा हाच असावा आणि तसे होणे योग्य नाही.

रिलेपर्यंतचा परिणाम

अंतर-रिले दाब आणि प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून दोष किती दूर आहे ते ठरवतो. त्याचा पहिला टप्पा सामान्यतः वाहिनीच्या ८० टक्के लांबीपर्यंत ठेवतात. फेज-जमीन दोषासाठी त्याला शून्यक्रम आणि संतुलित संरोधांतून काढलेला एक भरपाई-गुणांक द्यावा लागतो. वरचे आकडे घेतले तर तो १०० ओहम-मीटरला ०.८१ आणि १००० ओहम-मीटरला १.०३ येतो. रिलेत पहिला भरला आणि जमीन दुसऱ्या प्रकारची निघाली, तर ढोबळ हिशेबाने दोष १२ टक्के लांब भासतो. ८० टक्क्यांचा टप्पा ७१ टक्क्यांवर आखडतो. दोषस्थान दाखवणारे उपकरणही तोच गुणांक वापरत असेल, तर २०० किलोमीटरवर पडलेला दोष ते २२४ किलोमीटरवर दाखवते आणि पावसात डोंगर चढणारे गस्तीचे पथक २४ किलोमीटर पुढच्या टॉवरपाशी शोध सुरू करते. एकाच टॉवरवर दोन सर्किट असतील तर शेजारच्या सर्किटमधील शून्यक्रम प्रवाहही या गणितात शिरतो.

लांबी वाढली की

सुमारे ८० किलोमीटरपर्यंतच्या वाहिनीत धारिता वगळली तरी चालते. अडीचशे किलोमीटरपर्यंत ती दोन्ही टोकांना अर्धी-अर्धी वाटून देतात. त्यापुढे राशींचे पसरलेपण जसेच्या तसे धरावे लागते. संगणकाला या तीन पायऱ्यांची गरज नाही. तो प्रत्येक लांबीला अचूक सूत्रच लावतो.

उदाहरणातील वाहिनी ३०० किलोमीटर लांब धरली तर ती स्वतःच सुमारे १६४ मेगाव्हार रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर निर्माण करते. दूरचे टोक मोकळे ठेवून पाठवण्याच्या टोकाला ४०० किलोव्होल्ट दिले, की मोकळ्या टोकाला ४२१ किलोव्होल्ट चढतात. हा फेरांटी परिणाम. ४०० किलोव्होल्टच्या यंत्रणेसाठी भारतात कमाल ४२० किलोव्होल्ट धरतात, म्हणजे वाहिनी नुसती चालू करतानाच मर्यादा ओलांडली जाते. वाहिनीला ही जास्तीची रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर शोषणारा शंट रिअ‍ॅक्टर लागणार का आणि किती क्षमतेचा, हा निर्णय याच गणितातून निघतो.

वीज कोसळते तेव्हा

तडिताघात आणि ब्रेकर उघडल्यामुळे उठणाऱ्या दाबलाटांत हजारो ते लाखो हर्ट्झच्या वारंवारता असतात. तेव्हा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगत आणि जमिनीच्या वरच्या थरात एकवटतो. रोध व प्रवर्तकता दोन्ही बदलतात. ५० हर्ट्झसाठी काढलेले प्राचल इथे लागू पडत नाहीत. होसे मार्टी यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात प्राचल अनेक वारंवारतांना काढून त्यांवर परिमेय फलन बसवतात आणि मग काळाच्या अक्षावर गणित चालवतात. इन्सुलेटरच्या क्षमतेचा आणि लाइटनिंग अरेस्टरच्या जागेचा अभ्यास अशा प्रतिमानांवर होतो.

गणित आणि मोजमाप

तारेचा रोध तापमानानुसार बदलतो. मूस तार २० वरून ७५ अंशांवर गेली की तो सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो. कोणत्या तापमानाचा रोध घेतला हे नोंदवलेले नसेल, तर वीजहानीच्या अंदाजाला अर्थ उरत नाही. झोलही उष्णतेने वाढतो, पण प्राचलांवर त्याचा परिणाम किरकोळ असतो. वाहिनी उभी राहिल्यावर, भारित करण्यापूर्वी, तिच्यात कमी दाबाचा प्रवाह सोडून शून्यक्रम संरोध प्रत्यक्ष मोजता येतो. शेजारच्या चालू वाहिन्यांचा ५० हर्ट्झचा प्रभाव मोजमापात मिसळू नये म्हणून चाचणीचा प्रवाह ५० च्या थोड्या खालच्या आणि थोड्या वरच्या वारंवारतेला देतात आणि मधला आकडा काढतात. हा मोजलेला संरोध हाती आला की सॉफ्टवेअरमधील जमिनीची रोधकता दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत बदलतात आणि त्या दुरुस्त प्रतिमानातून निघालेला भरपाई-गुणांक दोन्ही टोकांच्या रिलेत भरतात.